रणजित खारगेचा मृदुकंठ

रणजित खारगेचा आवाज मोठा होता, असं म्हणणं म्हणजे पंचगंगेला ओढा म्हणण्यासारखं होतं. त्यानं घरात चहा मागितला की मागच्या गल्लीत कुणीतरी आधण ठेवायचं. रागावला नसताना ही गत. रागावला की गल्लीतली कुत्री उठून सावकाश दुसऱ्या वॉर्डात राहायला जायची.

यात स्वभावाचा भाग होता तसाच धंद्याचाही होता. खारग्यांच्या पिढ्या इचलकरंजीत यंत्रमागावर गेल्या. धोट्याचे जुने माग एकदा खटाखटा सुरू झाले की माणसानं कानाशी येऊन बोंब मारली तरी ती ऐकणाऱ्याला फक्त उबदार लागायची. त्यामुळं कारखान्यात ओरडायच्या फंदात कुणी पडत नसे. तिथली माणसं ओठांनी बोलत. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, तोंडासमोर तोंड आणायचं आणि शब्द ओठांवर नीट मांडायचा. पगारापासून पाहुण्यांच्या भानगडींपर्यंत सगळं या बिनआवाजी भाषेत चाले. ती कुणी शिकवत नसे, आणि आपण काही शिकलो असं कुणाला वाटतही नसे. ओरडणं सुरू व्हायचं ते घरी आल्यावर, कारण तोवर कान अर्धे झालेले असत.

मग चुंबकी माग आले. झोपलेल्या मांजरासारखा आवाज करत ते दिवसरात्र कापड विणू लागले. रणजितनं कर्ज काढून जुने माग भंगारात घातले आणि नवे आणले. कारखाना शांत झाला. रणजित मात्र कुणी नवा आणला नव्हता.

त्याची मुलगी जुई सात वर्षांची होती. भिंतीवरून पाल गेली तर ही तिला वाट देणारी. भाजीवाला वजनात मारतोय असं आई म्हणाली तर भाजीवाल्याला वाईट वाटेल म्हणून रडणारी. एकदा रणजित आतल्या खोलीत फोनवर सुताच्या व्यापाऱ्याची बिनपाण्यानं करत होता. "अरं तुझ्या मायला, ह्याला सूत म्हणतात व्हय? हे तर कोळ्याचं जाळं हाय!" बाहेर जुई चित्र रंगवत होती. तिनं खडू डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं आणि दारात येऊन म्हणाली, "सॉरी पप्पा."

"तुला कोण बोललंय गं?" रणजित म्हणाला. हे त्यानं प्रेमानं म्हटलं होतं, पण त्याच्या प्रेमालाही तोच भोंगा होता. जुई पुन्हा "सॉरी" म्हणाली आणि सुताच्या रिकाम्या खोक्यात जाऊन बसली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी नाव विचारलं तर तेही सांगेना.

त्याच वर्षी शाळांमधून ताणटिकली आली.

टिकली म्हणजे कानामागं चिकटवायचा, तिळाएवढा एक ठिपका. माणूस घाबरला की त्वचेला सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज जरा सहज वाहते. हृदयाचे ठोकेही बदलतात. निवांत माणसाचे ठोके गप्पा मारत चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखे थोडे मागंपुढं पडत असतात, आणि घाबरलेल्याचे शिपायासारखे एकसारखे होतात. टिकली हे दोन्ही मोजते आणि आलेख काढते. सगळ्या मुलांचे आलेख घेतल्यावर शास्त्रज्ञांना जे दिसलं ते बऱ्याच आयांना आधीपासून ठाऊक होतं: एकाच आरडाओरड्यानं एक पोर दचकून विसरून जातं आणि दुसऱ्याच्या अंगात ते तासन्‌तास वाजत राहतं. मेंदूत धोक्याची घंटा सगळ्यांनाच असते. काहींच्या घंटेला दोरी फार लांब बांधलेली असते, इतकंच. कुणीही जाता जाता ओढून जातं.

जुईचा आलेख बघून बालशांतता केंद्राचे डॉक्टर केतन लिमये यांनी चष्मा पुसला. मग आलेख पुसला. तरी तो तसाच होता.

"खारगे साहेब," ते म्हणाले, "तुम्ही घरी हळू बोलता का?"

"हळूच बोलतोय की!" रणजित म्हणाला. शेजारच्या खोलीतलं एक बाळ रडू लागलं.

लिमये पुण्याचे होते आणि मनानं चांगले होते. त्यांनी वाईट बातमीही नीट घडी घालून दिली. असंच चालू राहिलं तर मुलीची झोप, भूक, अभ्यास सगळ्यावर परिणाम होईल. ती बोलायचीच थांबेल. नियमाप्रमाणं सत्राच्या शेवटी आलेख खाली आला नाही, तर जुईला डोंगरावरच्या निवांत वसतिगृहात पाठवावं लागेल. तिथं सगळे कुजबुजतात. आईवडील महिन्यातून एकदा भेटू शकतात, काचेपलीकडून.

रणजितची बायको अस्मिता शेजारीच बसली होती. तिनं नुसतं नवऱ्याकडं बघितलं. रणजितला वाटलं, हिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"उपाय सांगा डॉक्टर," तो म्हणाला, आणि शक्य तितक्या हळू म्हणाला. फक्त खिडकीची काच हलली.

उपाय होता. त्याचं नाव मृदुकंठ.

हा गळ्याला बांधायचा मऊ पट्टा होता. बोलायचं मनात आलं की मेंदूकडून स्वरयंत्राच्या स्नायूंना संदेश निघतो. पट्टा तो वाटेतच वाचायचा. ओरडा येतोय असं दिसलं की बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या बरोबर उलट लहर तो सोडायचा. खड्ड्यावर उंचवटा बसवला की जमीन सपाट होते, तसे हे दोन आवाज एकमेकांना गिळून टाकायचे. त्यांच्या जागी पट्ट्यातून एक मृदू आवाज यायचा, वाक्यही विंचरून. सारं इतकं झटपट व्हायचं की ऐकणाऱ्याला फट सापडायची नाही. यंत्र पुण्यात बनलेलं असल्यामुळं आवाजही तिकडचाच होता.

पहिल्याच दिवशी जुईच्या हातून दुधाचा पेला कलंडला. रणजित जागेवरून ओरडला, "आगं ए भवाने, डोळं काय खुंटीला टांगल्यात काय!"

गळ्यातून आलं, "अगं बाळा, सांडलं का? असू दे हं. पुसून घेऊ या आपण."

रणजितची आई, आक्का, देवघरातून बाहेर आली. "कोण आलंय गं?" तिनं सुनेला विचारलं.

"हेच बोलले, आक्का."

आक्कानं मुलाच्या कपाळाला हात लावून बघितला.

गावात मृदुकंठानं बहार उडवून दिली. कामगारांना वाटलं, मालक वरमला. त्यांनी लगोलग पगारवाढ मागितली. "एक पै वाढवणार न्हाई, चला निघा!" असं रणजित गरजला, आणि कामगारांनी ऐकलं ते असं: "तुमच्या भावना मी समजू शकतो." ते पेढे घेऊन आले. सुताच्या व्यापाऱ्याला त्यानं फोनवर कडक दम भरला, तर त्यानं विचारलं, "साहेब, आपण कीर्तन कधीपासून सुरू केलं?" अस्मिताला पहिले काही दिवस बरं वाटलं. नंतर एके सकाळी ती म्हणाली, "अहो, परक्या माणसाबरोबर संसार केल्यासारखं वाटायलंय मला."

"तुझ्या आयला, मग काय करू आता?" रणजित म्हणाला.

"तुझं म्हणणं अगदी रास्त आहे," गळा म्हणाला.

हे सगळं त्यानं सोसलं, कारण पोर घरात राहणार होती. पट्ट्याखाली मानेला घामोळं आलं, तेही सोसलं. केंद्राचा माणूस दर आठवड्याला येऊन आलेख उतरवून न्यायचा, तेव्हा रणजित परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा दारात उभा असायचा.

आलेख वर जात होता.

जुई आता बोलतच नव्हती. गळ्यातून मध टपकत असे आणि पोर खोक्यात जाऊन बसत असे. आलेख पट्ट्यातल्या नोंदींशी ताडला की एक चमत्कारिक गोष्टही दिसत होती. मुलगी आधी दचकत होती आणि बाप नंतर बोलत होता. हे शक्य नाही, म्हणजे टिकलीचं घड्याळ मागं पडलं असणार, असं केंद्राच्या माणसानं ठरवलं आणि कर्तव्यदक्षपणे घड्याळ पुढं सरकवून ठेवलं. मग सगळं जुळलं. आलेखापुरतं.

सत्राच्या शेवटी लिमयांनी बोलावलं. ते जुईला घेऊन काचेच्या खोलीत बसले. काच अशी होती की आतला आवाज बाहेर येत नव्हता आणि बाहेरचा आत जात नव्हता. रणजित आणि अस्मिता बाहेरच्या बाकावर होते. आत मेजावर वसतिगृहाचा निळा गणवेश घडी घालून ठेवलेला होता. बहुधा माप बघायला. रणजितला तो दिसला आणि त्याचा तोल गेला.

तो बायकोकडं वळला. "ह्या गाढवाला काय कळतंय पोरीतलं! आधी गळ्याला पट्टा बांधला बैलासारखा, आता पोर न्यायला निघालाय. एकदा ह्याला जुन्या मागात घालून विणून काढला पायजे!"

"डॉक्टरांना आणखी थोडा वेळ देऊ या," गळा म्हणाला.

अस्मितानं मान डोलावली.

थोड्या वेळानं काचेचं दार उघडलं. लिमये बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"खारगे साहेब, आपण आत्ता मला गाढव म्हणालात का?"

"अहो छे!" अस्मिता घाईघाईनं म्हणाली. "उलट ते म्हणाले, डॉक्टरांना वेळ देऊ."

"आणि मला मागात घालून विणणार आहात?"

रणजितनं मदतीसाठी पट्ट्यावर बोट ठेवलं. यंत्रालाही काही सुचलं नसावं.

"मी जुईला विचारलं, पप्पांची भीती वाटते का," लिमये म्हणाले. "ती काचेतून तुमच्याकडं बघत होती. मला म्हणाली, 'पप्पा तुम्हाला गाढव म्हणाले.' मला वाटलं, कल्पना करतेय. मग मागाचं सांगितलं तिनं. सात वर्षांच्या मुलीची कल्पना इतकी तपशीलवार नसते."

"ओठ वाचत्या ती," अस्मिता म्हणाली. 'जेवते ती' म्हणावं तितक्या सहज.

"ओठ वाचते?" लिमयांनी बाकाचा आधार घेतला. "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगायचं काय?" अस्मिताला खरोखरच कळेना. "तान्ही असल्यापास्नं आक्कांच्या मांडीवर कारखान्यातच होती की. आमच्यात सगळेच वाचतात. पण आवाज येत असला की मोठं माणूस ओठांकडं कशाला बघतंय?"

लिमये बाकावर बसले. बसता बसता त्यांना पुढं सरकवलेलं घड्याळ आठवलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. घड्याळ बरोबरच होतं. रणजितचे ओठ आणि जबडा आवाजाच्या आधीच कामाला लागत होते, आणि जुई तिथंच सगळं वाचत होती. लहर उलटी करून आवाज गिळता येतो. चेहरा गिळायचं यंत्र अजून निघालेलं नव्हतं.

"चूक आमची आहे," लिमये म्हणाले. डॉक्टराच्या तोंडून हे वाक्य इचलकरंजीत प्रथमच ऐकलं गेलं असेल. "इतके दिवस ती डोळ्यांनी एक आणि कानांनी दुसरंच ऐकत होती."

रणजित उठला. पट्ट्याची कळ उघडून त्यानं तो बाकावर ठेवला आणि काचेच्या खोलीत गेला. जुई खुर्चीच्या टोकावर बसली होती. तिनं लगेच गणवेशाकडं हात नेला, आता हे घालायचंच असल्यासारखा.

रणजितला खूप काही बोलायचं होतं, पण आपलाच आवाज बाहेर काढायची त्याला आयुष्यात पहिल्यांदा धास्ती वाटली. मग सवयीनं, मागांच्या खडखडाटात बापानं त्याच्याशी केलं होतं तसं, तो तिच्यासमोर उकिडवा बसला, खांद्याला हात लावला आणि नुसत्या ओठांनी म्हणाला, 'लई भ्या वाटतंय?'

जुईनं होय म्हणून मान हलवली. मग तिनंही ओठांनीच उत्तर दिलं. बाहेर उभ्या लिमयांना काही कळलं नाही. अस्मिताला कळलं आणि तिनं पदर तोंडाला लावला.

जुई म्हणाली होती, 'आधी तुम्ही ओरडायचा आणि मग संपायचं. भ्या वाटायचं, पण संपायचं. आता गोडच असतंय. संपलं कधी ते कळतच नाही.'

लिमयांनी स्वतःच्या जबाबदारीवर एक महिना वाढवून दिला. गणवेश मात्र मेजावरून हलवला नाही.

तो महिना रणजितनं कसा काढला, ते गल्लीला विचारावं. घरात जुईशी फक्त ओठांनी बोलायचं, असं त्यानं ठरवलं. त्यातली गोम त्याला दोन दिवसांत कळली. रागात ओठांनी बोलताच येत नाही. राग आला की ओठ घाईला येतात, शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात, आणि समोरच्याला कळतं ते भलतंच. त्यानं एकदा लांबूनच, तणतणत, 'दप्तर उचल' म्हणून बघितलं. जुईनं त्याला चप्पल आणून दिली. म्हणून जागेवरून उठायचं, जवळ जायचं, उकिडवं बसायचं, शब्द सावकाश मांडायचा. इतकं करेपर्यंत श्वास लांबतो, श्वास लांबला की ठोके मवाळ होतात, आणि निम्म्या वेळा आपण कशासाठी उठलो होतो तेच आठवत नाही. लिमयांनी कुतूहलानं रणजितच्या कानामागंही एक टिकली लावली होती. बापाचा आलेख लेकीच्या आलेखाबरोबर खाली येऊ लागला. काही वेळा तर आधी.

सोपं नव्हतं. सुताच्या व्यापाऱ्याशी बोलायला तो गच्चीवर जायचा. एकदा जिना चढायचं विसरला आणि घरातच गरजला. भान आलं तेव्हा जुई दारात उभी होती, ओठ 'सॉ'वर येऊन थांबलेले. रणजितनं फोन ठेवला, तिच्यासमोर बसला आणि ओठांनी म्हणाला, 'तुझ्यावर न्हाई. त्या व्यापाऱ्यावर. आणि आता संपलं.' जुईनं त्याचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. गिऱ्हाईक कापडातली गाठ शोधतं तसा. गाठ सापडली नाही. ती चित्र रंगवायला परत गेली. त्या रात्री तिनं भाकरी मागून घेतली.

महिना संपला. पुन्हा लिमयांची खोली. या वेळी काचेच्या आत सगळेच बसले. लिमये आलेख बघत होते आणि रणजित लिमयांचे ओठ बघत होता. ते मिटलेलेच होते.

"छान," शेवटी लिमये म्हणाले. "खूपच छान. फक्त हा काय प्रकार आहे?"

आलेखाची रेघ ओढ्यासारखी संथ चालली होती आणि मध्येच, परवाच्या दिवशी, एक सुळका उभा होता. इतका उंच, की ओरडणाऱ्या रणजितच्या जमान्यातही तेवढा कधी गेला नव्हता.

परवा आपण ओरडल्याचं रणजितला आठवेना. म्हणजे आपण नकळत काहीतरी केलं. झोपेत केलं असेल. त्याची नजर मेजावरच्या निळ्या गणवेशावर गेली. अस्मितानं त्याचं मनगट धरलं.

"परवा घरात कुणी ओरडलं का?" लिमयांनी विचारलं.



"मी," जुई म्हणाली. आवाजात म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघू लागले. ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली, पण थांबली नाही. "मी ओरडले."

"कुणावर?"

"पप्पांवर."

"का?"

"मी कागदाचा हत्ती रंगवला होता. तो खुर्चीत वाळत होता. पप्पा त्याच्यावर बसले."

लिमयांनी पेन खाली ठेवलं. "मोठ्यानं ओरडलीस?"

"लई मोठ्यानं," जुई म्हणाली. "आक्का बाहेर आली."

"मग पप्पांनी काय केलं?"

जुईनं आठवून बघितलं. "उठले," ती म्हणाली.

लिमयांनी पुन्हा आलेख पुढं ओढला. सुळक्याच्या पलीकडं रेघ खाली उतरली होती, आणि नुसती पूर्वीच्या पातळीवर थांबली नव्हती. ती आणखी खाली गेली होती आणि तिथंच पसरून राहिली होती, एखादं पोर पाय ताणून झोपावं तशी. लिमये त्या रेघेकडं बघत राहिले. मग त्यांनी पुढं वाकून जुईच्या कानामागची टिकली अलगद काढली आणि निळा गणवेश कपाटात ठेवून कपाट लावून टाकलं.

रणजितनं डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरून इतका हलवला की लिमयांचा चष्मा निसटला.

बाहेर लांबलचक रिकामी मार्गिका होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'शांतता राखा' लिहिलेलं होतं. अस्मिता औषधांच्या खिडकीपाशी थांबली. जुईनं मार्गिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"पप्पा, इथं आवाज घुमत असंल न्हाई?"

"दवाखाना हाय गं."

"एकदाच."

रणजितनं मागं बघितलं, पुढं बघितलं. "हळू ओरड," तो म्हणाला.

जुईनं छाती भरून घेतली. ती खारगेच होती. आवाज मार्गिकेच्या टोकाला जाऊन आपटला, परत आला आणि दोन्हीकडची दारं धडाधड उघडली. परिचारिका, शिपाई, दोन आया आणि चष्मा सावरत खुद्द लिमये बाहेर आले, आणि सगळ्यांनी एकदमच, जळजळीत नजरेनं रणजितकडं बघितलं.

आयुष्यात प्रथमच निर्दोष असलेल्या रणजितनं छाती फुगवून लेकीकडं बोट दाखवलं.